सामना कंटाळवाणा होता की पाहणारे कमी होते?

बास्केटबॉलच्या अंतिम मालिका नीरस होत चालल्या आहेत का, आणि अमेरिकेत घसरलेले टीव्ही रेटिंग हा त्याचा पुरावा मानावा का, या वादावर वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी काही पत्रे उत्तरांसह या वेळी देत आहोत. बहुतेक पत्रे मुंबई आणि आसपासची आहेत. एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे अंतिम सामने आपल्याकडे पहाटे साडेपाच किंवा सहाच्या सुमारास सुरू होतात. म्हणजे मुंबईचा प्रेक्षक झोप मोडून, कामाला निघण्याची वेळ सांभाळत ते पाहतो. अशा प्रेक्षकाने केलेली कंटाळ्याची तक्रार हलक्याने घेण्यासारखी नसते.

प्रश्न : आम्ही सात-आठ मित्र दर रविवारी सकाळी माटुंग्यात खेळतो आणि खेळून झाल्यावर वाद घालतो. 2025 ची ओक्लाहोमा सिटी थंडर आणि इंडियाना पेसर्स यांची अंतिम मालिका मला अतिशय आवडली. मात्र आमच्यातील एकाचे म्हणणे असे की, ती मालिका रटाळ होती, म्हणूनच अमेरिकेतही ती कोणी पाहिली नाही. आकडेच ते सांगतात. त्याला काय उत्तर द्यावे? (वाचक, माटुंगा)

उत्तर : आपल्या मित्राने दोन प्रश्नांचा एकच प्रश्न केला आहे. सामना चांगला झाला का, हा एक प्रश्न आणि तो किती घरांत लावला गेला, हा दुसरा. रेटिंग फक्त दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते, आणि ते उत्तरही पुष्कळ अंशी पहिला चेंडू उडण्यापूर्वीच ठरलेले असते.

आकडेच समोर ठेवू. 2025 च्या मालिकेला अमेरिकेत सामन्यामागे सरासरी 1 कोटी 3 लाखांच्या आसपास प्रेक्षक मिळाले. ही मालिका (आधी चार सामने जिंकेल तो विजेता) पूर्ण सात सामने चालली. पहिल्याच सामन्यात टायरिस हॅलिबर्टनने अवघा 0.3 सेकंद शिल्लक असताना बास्केट केली आणि संपूर्ण सामन्यात एकदाही आघाडीवर नसलेला पेसर्स संघ 111-110 असा जिंकला. आता 2017 पाहा. केविन ड्युरंट आदल्या वर्षी गोल्डन स्टेट वॉरियर्समध्ये दाखल झाला होता आणि निकाल काय लागणार याची जवळजवळ सर्वांना कल्पना होती. त्या वर्षीच्या बाद फेरीत वॉरियर्सने 17 पैकी 16 सामने जिंकले, अंतिम मालिका पाच सामन्यांत आटोपली, आणि तरीही सामन्यामागे 2 कोटींहून अधिक लोकांनी ती पाहिली. 1998 नंतरचा तो सर्वांत मोठा आकडा होता. रेटिंग ही सामन्याच्या गुणवत्तेची मोजपट्टी असेल, तर चुरशीच्या सात सामन्यांपेक्षा ठरल्यासारखे झालेले पाच सामने दुपटीने चांगले होते, असे आपल्या मित्राला म्हणावे लागेल.

याहून बोलके उदाहरण 2004 आणि 2005 चे आहे, कारण त्यात एक संघ तोच आहे. 2004 मध्ये डेट्रॉइट पिस्टन्सने लॉस एंजेलिस लेकर्सला 4-1 असे हरवले. पिस्टन्सचा बचाव इतका चिवट होता की तिसऱ्या सामन्यात लेकर्सला जेमतेम 68 गुण करता आले. त्या मालिकेला सरासरी 1 कोटी 79 लाख प्रेक्षक होते. पुढच्या वर्षी तोच पिस्टन्स संघ, तोच प्रशिक्षक आणि तसाच बचाव. समोर मात्र लेकर्सऐवजी सॅन अँटोनियो स्पर्स. मालिका सातव्या सामन्यापर्यंत ताणली गेली आणि प्रेक्षक मात्र 1 कोटी 25 लाखांच्या आसपास उतरले. बदलले होते ते समोरच्या संघाचे नाव, शकील ओनील आणि कोबी ब्रायंट हे दोन चेहरे, आणि त्यांच्यामागचे लॉस एंजेलिससारखे अवाढव्य शहर.

आणखी एक गोष्ट त्यांना जरूर सांगा. सर्वाधिक पाहिली गेलेली अंतिम मालिका म्हणजे 1998 ची, शिकागो बुल्स विरुद्ध युटा जॅझ, सरासरी सुमारे 2 कोटी 90 लाख. तिच्या तिसऱ्या सामन्यात युटाने केवळ 54 गुण केले आणि बुल्सने तो 96-54 असा जिंकला. अंतिम मालिकेच्या इतिहासात त्याहून एकतर्फी सामना नाही. लोक तेव्हा मायकेल जॉर्डनला पाहायला बसले होते, आणि समोरचा संघ 42 गुणांनी मागे असला तरी त्यांना ते चालत होते.

शहराचा आकार आणि ओळखीचा चेहरा या दोन्ही बाबतींत 2025 ची मालिका कमनशिबी होती; ओक्लाहोमा सिटी आणि इंडियानापोलिस ही दोन्ही टीव्हीच्या दृष्टीने लहान बाजारपेठेची शहरे. मोजणीच्या पद्धतीचाही येथे विचार करावा लागतो. 2019 मध्ये टोरोंटो रॅप्टर्स अंतिम मालिकेत होते, पण टोरोंटो कॅनडात असल्याने तेथील घराघरांत चाललेला जल्लोष अमेरिकेच्या आकड्यात मोजला गेलाच नाही. 2020 ची मालिका करोनामुळे ऑक्टोबरमध्ये, फ्लोरिडात, प्रेक्षकांविना खेळली गेली. अमेरिकन फुटबॉलचा हंगाम त्या वेळी सुरू होता. लेब्रॉन जेम्स आणि लेकर्स असूनही सरासरी 75 लाखांच्या घरातच राहिली. म्हणजे चेहरा होता, शहर होते, पण वर्षानुवर्षे जून महिन्यात सामना पाहण्याची जी सवय होती, ती मोडली होती. सवय हा प्रेक्षकसंख्येतील फार मोठा वाटा असतो.

एवढे सांगून झाल्यावर आपल्या मित्राच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. खेळाचा दर्जा आकड्यात अगदीच उमटत नाही असे नाही. तो मालिकेच्या आत उमटतो. 2025 च्या सातव्या सामन्याला सुमारे 1 कोटी 64 लाख प्रेक्षक होते, म्हणजे मालिकेच्या सरासरीपेक्षा 60 लाखांहून अधिक. निकाल खरोखर अधांतरी आहे हे कळले की लोक येतात. दुर्दैवाने त्याच सामन्याच्या पहिल्या सत्रात हॅलिबर्टनच्या टाचेमागचा अकिलीस टेंडन तुटला आणि तो कोर्टच्या फरशीवर हात आपटत राहिला. मी तो सोमवारच्या पहाटे पाहत होतो. त्यानंतरही पेसर्स मध्यंतराला एका गुणाने पुढे होते. त्या खेळाला रटाळ म्हणणे मला जमणार नाही.

प्रश्न : मी विलेपार्ल्यातील महाविद्यालयात शिकते आणि महाविद्यालयाच्या संघात खेळते. बाबांच्या मते 2003 पासून 2007 पर्यंतचा काळ हा बास्केटबॉलचा सर्वांत कंटाळवाणा काळ होता, कारण संघ 80 गुणांच्या आतबाहेर अडकत असत. आमचे सर मात्र त्या काळातील बचाव पाहायला सांगतात. कमी गुणांचा सामना कंटाळवाणा असतोच का? (वाचक, विलेपार्ले)

उत्तर : तुमच्या बाबांना ज्या सामन्यांनी कंटाळा आणला, ते मीही पाहिले आहेत, आणि त्यांची तक्रार निराधार नाही. 2003 च्या अंतिम मालिकेतील चौथा सामना न्यू जर्सी नेट्सने 77-76 असा जिंकला. 2007 चा तिसरा सामना स्पर्सने 75-72 असा. चार-चार, पाच-पाच फेऱ्या अशा जात की चेंडू नुसता रिंगवर आदळून परत येई. पण कमी गुण हे लक्षण आहे, रोग नव्हे, आणि वैद्याने लक्षणावरच औषध देऊन थांबू नये.

रोग कसा असतो, याचे जुने उदाहरण आहे. 22 नोव्हेंबर 1950 रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सला 19-18 असे हरवले. दोन्ही संघांचे मिळून 37 गुण! बलाढ्य लेकर्सला चेंडू मिळूच द्यायचा नाही, या हेतूने पिस्टन्स चेंडू नुसता हातात धरून उभे राहिले. याला बचाव म्हणता येत नाही, हा वेळकाढूपणा झाला. यावर उपाय निघायला चार वर्षे लागली. सिरॅक्यूज नॅशनल्स संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी साधा हिशेब मांडला. पाहण्याजोग्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे 120 वेळा बास्केटचा प्रयत्न करतात, सामना 48 मिनिटांचा म्हणजे 2880 सेकंदांचा, तेव्हा एका प्रयत्नाच्या वाट्याला 24 सेकंद येतात. 1954-55 च्या हंगामात 24 सेकंदांचे शॉट क्लॉक, म्हणजे तेवढ्या वेळात बास्केटचा प्रयत्न करायला लावणारे घड्याळ, आले आणि संघाची सरासरी एका वर्षात साडेएकोणऐंशीवरून त्र्याण्णवच्या पुढे गेली.

कबड्डी पाहिलेल्या मराठी माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आघाडीवर असलेल्या संघाचा चढाईपटू मध्यरेषेपलीकडे दोन पावले टाकून, कोणाला न शिवता परत येई आणि मैदानाबाहेरचे लोक ओरडत, ते आठवून पाहा. प्रो कबड्डीने 30 सेकंदांची चढाई आणि सलग दोन रिकाम्या चढायांनंतरची ‘करो या मरो’ चढाई आणली, ती याच दुखण्यावर. चढाईपटूने गुण मिळवावा, नाहीतर बाद व्हावे. तेव्हापासून भक्कम साखळी धरून उभा असलेला बचावही प्रेक्षकाला रोमांचक वाटू लागला, कारण समोरच्याला आत यावेच लागते हे त्याला माहीत असते.

बचाव पाहणे याच कारणाने आनंदाचे होते: हल्ला करणाऱ्याला पळवाट नसते. 2016 च्या अंतिम मालिकेतील सातव्या सामन्याचा शेवट पाहा. क्लीव्हलँड आणि गोल्डन स्टेट 89-89 असे बरोबरीत अडकले, आणि 4 मिनिटे 39 सेकंद शिल्लक असल्यापासून 53 सेकंद शिल्लक राहीपर्यंत एकाही संघाला एकही गुण करता आला नाही. पावणेचार मिनिटे शून्य! त्याच शून्याच्या आत गोल्डन स्टेटचा आंद्रे इगुओडाला मोकळा धावत रिंगपाशी पोहोचला असताना, तेव्हा क्लीव्हलँडकडून खेळणाऱ्या लेब्रॉन जेम्सने मागून येऊन त्याचा चेंडू बोर्डवर थोपवला, आणि अखेर क्लीव्हलँडच्याच कायरी आयर्विंगने तीन गुणांची बास्केट करून कोंडी फोडली. अमेरिकेत तो सामना 3 कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. त्यातील एकही जण त्या पावणेचार मिनिटांत उठून चहा ठेवायला गेला असेल, असे मला वाटत नाही.

आता बाबांच्या काळाकडे वळू. 2001-02 पासून क्षेत्रीय बचावाला, म्हणजे ठरावीक खेळाडूऐवजी ठरावीक जागा राखण्याला, मुभा मिळाली आणि जोडीला चेंडू घेऊन धावणाऱ्याला हाताने रोखण्याची सवय तशीच राहिली, तेव्हा आक्रमकाची दोन्हीकडून कोंडी झाली. 2003-04 मध्ये संघांची सरासरी 93 गुणांवर आली होती. लीगने 2004-05 पासून हाताने रोखण्याविरुद्धचा नियम कडक लावायला सुरुवात केली आणि चेंडू घेऊन आत घुसणाऱ्या चपळ खेळाडूंना (गार्डना) पुन्हा वाट मिळाली. तेव्हा बाबांचा कंटाळा खरा होता, हे लीगनेही मान्य केले होते असे म्हणता येईल. पण त्याचा दोष स्पर्सच्या माथी मारू नये. त्यांचा टिम डंकन बोर्डच्या एका ठरावीक कोपऱ्यावर चेंडू आपटून बास्केट करीत असे, पंधरा वर्षे तेच करीत असे, आणि समोरच्याला ते माहीत असूनही थांबवता येत नसे. तुमच्या सरांना बहुधा हेच दाखवायचे असावे. पुढच्या वेळी सामना पाहताना एक सबंध सत्र चेंडूकडे पाहूच नका; चेंडूपासून सर्वांत लांब उभ्या असलेल्या बचावपटूचे पाय पाहा. तो मदतीला कधी निघतो आणि आपल्या माणसाकडे कधी परततो, हे एकदा दिसू लागले की 75-72 या आकड्याचा अर्थ वेगळा लागतो.

प्रश्न : आमच्या तरुणपणी मॅजिक जॉन्सन आणि लॅरी बर्ड यांच्या काळात अवघी अमेरिका अंतिम सामने पाहत असे. आता ती गोडी राहिली नाही, हे खरे ना? (निवृत्त वाचक, ठाणे)

उत्तर : आठवणी गोड असतात, पण येथे त्या थोड्या दगा देत आहेत. त्या दोघांचा महाविद्यालयीन अंतिम सामना, 1979 चा, खरोखरच विक्रमी पाहिला गेला, त्याचे 24.1 हे रेटिंग, म्हणजे टीव्ही असलेल्या घरांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा, अमेरिकेत बास्केटबॉलच्या कोणत्याही सामन्याला पुन्हा मिळालेले नाही. परंतु त्याच्या पुढच्याच वर्षी एनबीएच्या अंतिम मालिकेतील निर्णायक सहावा सामना, ज्यात वीस वर्षांच्या मॅजिकने सेंटरच्या, म्हणजे रिंगपाशी खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या, जागी उतरून 42 गुण केले, तो अमेरिकेतील बहुतेक शहरांत थेट दाखवलाच गेला नाही. रात्री उशिरा, ध्वनिचित्रमुद्रण करून दाखवला. वाहिनीला आपल्या नेहमीच्या मालिका बाजूला सारण्याइतके त्या सामन्याचे मोल वाटले नव्हते. बर्डने 1981 मध्ये जिंकलेल्या मालिकेचे रेटिंग 6.7 होते, आणि 2003 पर्यंत तोच नीचांक होता.

प्रश्न : हल्ली कोणीही उठतो आणि थ्री पॉइंटर मारतो. सगळे संघ सारखेच खेळतात. खरा कंटाळा याचा आहे, असे मला वाटते. रेषाच मागे सरकवली तर? (वाचक, बोरिवली)

उत्तर : या पत्रात मला सर्वाधिक तथ्य वाटते, म्हणून हिशेब जरा सविस्तर देतो. तीन गुणांची रेषा, जिच्या बाहेरून केलेल्या बास्केटला (थ्री पॉइंटरला) दोनऐवजी तीन गुण मिळतात, एनबीएमध्ये 1979-80 च्या हंगामात आली, तेव्हा एक संघ सामन्यात सरासरी तीनदाही तिचा उपयोग करीत नसे. 2002-03 मध्ये हे प्रमाण साधारण 15 वर होते. 2024-25 मध्ये ते 37 च्या पुढे गेले. यामागे आळस किंवा फॅशन नाही, गणित आहे. शंभरपैकी 36 थ्री पॉइंटर पडले तरी 108 गुण होतात. रेषेच्या किंचित आतून, तेवढ्याच अवघड जागेवरून, शंभरपैकी 42 पडले तरी 84 च. हे एकदा प्रशिक्षकांना उमगल्यावर त्यांना पुन्हा अडाणी करता येत नाही.

अडचण कोठे येते? फटके पडत नाहीत तेव्हा. 2018 च्या पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेतील सातव्या सामन्यात ह्यूस्टन रॉकेट्सचे सलग 27 थ्री पॉइंटर चुकले. सलग सत्तावीस! मध्यंतराला आघाडीवर असलेला संघ डोळ्यांदेखत बुडत गेला आणि तरीही त्याच खिडकीतून उडी मारत राहिला. तो सामना पाहणे क्लेशकारक होते. 2025 मध्ये बोस्टन सेल्टिक्सने न्यू यॉर्कविरुद्ध एका सामन्यात 60 थ्री मारले, त्यांतील 45 चुकले आणि 20 गुणांची आघाडी गमावून संघ हरला. प्रेक्षकाला अशा वेळी खेळाडूंची झुंज न दिसता नुसता नाण्याचा छापा-काटा दिसतो, आणि आपली तक्रार नेमकी त्याबद्दल आहे.

रेषा मागे सरकवण्याला मात्र माझा विरोध आहे. रेषा कोपऱ्यात रिंगपासून 22 फुटांवर आणि समोर 23 फूट 9 इंचांवर आहे. कोपऱ्यात ती आणखी मागे नेली तर खेळाडूला उभे राहायला कोर्टच उरत नाही. शिवाय रेषा लांब गेली की बचाव आत दबा धरून बसेल आणि आपल्याला परत 2003 च्या दिशेला नेईल. खेळातील वैविध्य नियमापेक्षा खेळाडूंनी परत आणलेले मी अलीकडे पाहिले आहे. 2023 मध्ये डेन्व्हरचा निकोला योकिच सेंटर असून पासवर सामने फिरवत होता. 2025 च्या विजेत्या थंडरचा शे गिल्जस-अलेक्झांडर तर रेषेच्या आतल्या त्याच टाकून दिलेल्या जागेवरून, थबकून, उंच उडून दोन-दोन गुण गोळा करीत होता. सगळे संघ सारखे खेळतात म्हणून एखादा वेगळा खेळतो तेव्हा त्याला अडवायची कोणालाच सवय राहिलेली नसते. वाट पाहावी, असे माझे मत आहे.

प्रश्न : शेवटची दोन मिनिटे संपायला वीस मिनिटे लागतात. माझी 7.52 ची जलद लोकल दर वेळी चुकते. यावर काही उपाय? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : हा दोष लीगचा आहे. तेथील अधिकाऱ्यांनाही तो ठाऊक आहे, कारण 2017-18 पासून दोन्ही संघांचे मिळून टाइमआउट 18 वरून 14 वर आणले गेले आणि शेवटच्या तीन मिनिटांत प्रत्येक संघाला दोनच घेता येतात. पण एका हाताने वेळ वाचवला आणि दुसऱ्याने घालवला. 2019-20 मध्ये प्रशिक्षकांना पंचांच्या निर्णयाला आव्हान देण्याची सोय मिळाली, आणि पंच पडद्यासमोर उभे राहून तीच बोटे पुन्हा पुन्हा पाहू लागले. मागे पडलेला संघ घड्याळ थांबवण्यासाठी मुद्दाम फाउल करतो, ते वेगळेच.

एक उपाय प्रत्यक्षात वापरून झालेला आहे. लीगमधील निवडक नामवंत खेळाडूंच्या 2020 च्या ऑल-स्टार सामन्यात चौथ्या सत्रात घड्याळच काढून टाकले. आघाडीवरच्या संघाच्या गुणांत, नुकत्याच निधन पावलेल्या कोबी ब्रायंटच्या स्मरणार्थ, त्याच्या जर्सीवरील क्रमांकाइतके, म्हणजे 24 मिळवून लक्ष्य ठरवले. जो आधी तेथे पोहोचेल तो विजयी. एरवी गमतीजमतीत जाणाऱ्या त्या सामन्यात खेळाडू अक्षरशः जिवावर उदार होऊन बचाव करताना दिसले आणि तो 157-155 असा संपला. वेळ काढण्यासाठी फाउल करण्याचे कारणच उरले नव्हते. अंतिम मालिकेत ही पद्धत आणावी असे मी म्हणणार नाही, कारण शेवटच्या सेकंदाला सुटलेला चेंडू हवेत असताना भोंगा वाजण्याचा थरार त्यात कायमचा जाईल. पंचांच्या पडद्यासमोरच्या वेळेला मात्र शॉट क्लॉकसारखीच मर्यादा घालता येईल. खेळाडूला 24 सेकंदांत निर्णय घ्यावा लागतो. पंचांना त्याच्या दुप्पट वेळ द्यावा.

प्रश्न : मी नागपाड्यात मुलांना शिकवतो. अमेरिकेतील टीव्हीच्या आकड्यांची आपण इतकी चर्चा का करावी? आमची मुले ना त्या मोजणीत आहेत, ना त्या पैशांत. (वाचक, नागपाडा)

उत्तर : आपण नागपाड्यातून लिहिता, त्यामुळे आपल्या प्रश्नाला वेगळे वजन आहे. अब्बास मुन्तसिर यांच्यासारखा भारताचा कर्णधार आणि अर्जुन पुरस्काराचा मानकरी ज्या मोहल्ल्यातील कोर्टवर घडला, त्या मोहल्ल्याने टीव्हीची परवानगी मागून बास्केटबॉलवर प्रेम केलेले नाही. मोजणीत आपण नाही, हेही अगदी खरे आहे. अमेरिकेतील रेटिंग तेथील घरांतील मोजणीवरून काढले जाते. वरळीत किंवा नागपाड्यात पहाटे सहाला जागा असलेला मुलगा त्यात कोठेही धरलेला नसतो.

पैशांबाबत मात्र थोडे अधिक सांगावेसे वाटते. घसरत्या रेटिंगची चर्चा जोरात असतानाच, 2024 मध्ये, एनबीएने डिस्ने, एनबीसी आणि अ‍ॅमेझॉन यांच्याशी 11 वर्षांचे सुमारे 76 अब्ज डॉलरचे करार केले. आधीचा करार 9 वर्षांचा आणि सुमारे 24 अब्जांचा होता. रेटिंग पडते आणि भाव चढतो, हे कोडे वाटेल. पण त्या काळात टीव्हीवरील इतर कार्यक्रमांचे प्रेक्षक त्याहून वेगाने ओसरले; ज्या वेळेला लावला त्याच वेळेला बसून पाहावा असा कार्यक्रम म्हणून खेळच शिल्लक राहिला. ‘लोकांना बास्केटबॉल नको झाला’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे व्यवहार पाहावेत. आणखी एक आकडा आपल्या मुलींच्या संघाला सांगावा असा आहे: 2024 मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयीन महिलांचा अंतिम सामना, साउथ कॅरोलिना विरुद्ध आयोवा, सुमारे 1 कोटी 89 लाख लोकांनी पाहिला आणि पुरुषांचा 1 कोटी 48 लाखांनी. आयोवाच्या केटलिन क्लार्क या एका खेळाडूला पाहण्याची ओढ त्यामागे होती.

चर्चेचा आपल्याशी संबंध मला दिसतो तो असा. 4 ऑक्टोबर 2019 रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स खेळले, तेव्हा प्रेक्षागृहात हजारो शाळकरी मुले होती. सराव सामना, दोन्ही संघ काही मोठ्या नावाचे नव्हेत, टीव्हीच्या हिशेबात तर कस्पटासमान. तो जादा वेळेत गेला आणि पेसर्सने 132-131 असा जिंकला. त्या मुलांपैकी कोणालाही रेटिंग विचारावेसे वाटले नाही. आज तीच मुले लोकलमध्ये उभ्याउभ्या मोबाइलवर दहा मिनिटांच्या क्षणचित्रांत सामना पाहतात, ज्यात फक्त डंक (उडी मारून चेंडू थेट रिंगमध्ये कोंबणे) आणि थ्री पॉइंटर असतात, आणि मग सबंध सामना पाहायला बसवले की त्यांना तो संथ वाटतो. कंटाळ्याचे मूळ पुष्कळदा येथे असते. आपण आठवड्यातून एकदा मुलांना एकत्र बसवून एखादे पूर्ण सत्र, कोठेही न कापता, दाखवू शकलात तर फार उपयोग होईल. मधे थांबवून विचारा, की आता पास कोणाला जायला हवा होता.

प्रश्न : माझ्या आईने गेल्या जूनमध्ये माझ्यासोबत पहाटे उठून दोन सामने पाहिले आणि ‘यात काय एवढे’ म्हणून तिसऱ्याला झोपून राहिली. तिला पुन्हा गोडी लागावी यासाठी एखादी जुनी मालिका सुचवाल का? (वाचक, दादर)

उत्तर : आईंनी दोन पहाटा दिल्या, हेच खूप आहे. त्यांना आता पहाटे उठवू नका. रविवारी दुपारी जेवणे आटोपल्यावर 2013 च्या अंतिम मालिकेतील सॅन अँटोनियो स्पर्स आणि मायामी हीट यांचा सहावा सामना लावा, मात्र निकाल आधी सांगू नका. स्पर्स 28 सेकंद शिल्लक असताना पाच गुणांनी पुढे होते, करंडक देण्याच्या तयारीसाठी कोर्टभोवती पिवळा दोर आणला गेला होता आणि मायामीचे काही प्रेक्षक घराकडे निघाले होते. पुढे काय झाले ते त्यांना स्वतः पाहू द्या. फक्त 5.2 सेकंद उरलेले असताना मायामीचा रे अ‍ॅलन न पाहता मागे मागे कोपऱ्यात कसा सरकतो, त्याच्या पायांकडे त्यांचे लक्ष वेधा.

आणि तो आवडला तर पुढच्या रविवारी 2014 ची मालिका, तेच दोन संघ. वर्षभर त्या पराभवाची सल बाळगून आलेल्या स्पर्सने चार विजय मिळवले ते 15, 19, 21 आणि 17 गुणांनी. कागदावर याहून एकतर्फी मालिका शोधून सापडायची नाही. पण तिसऱ्या आणि चौथ्या सामन्यात चेंडू या हातातून त्या हातात असा फिरतो की बचाव करणारे पाच जण दर वेळी अर्धे पाऊल मागे राहतात. आईंना नियम समजावून सांगू नका. एका बास्केटपूर्वी किती पास झाले, तेवढे मोजायला सांगा आणि त्यांचे मत आम्हाला अवश्य कळवा.